समुद्रातलं देऊळ

त्रिनिदादला जाणारे बहुतेक जण माराकासचा किनारा बघून परततात. आम्ही गाडी उलटीकडे, वॉटरलूला काढली.

उसाच्या मळ्यात राबणाऱ्या सिवदास साधूने तिथे १९४७ मध्ये देऊळ बांधलं. जमीन साखर कंपनीची. १९५२ मध्ये देऊळ पाडलं, वर त्याला चौदा दिवस तुरुंग! सुटल्यावर गड्याने अर्ज-विनंत्या केल्या नाहीत. सायकलवरून सामान वाहत थेट समुद्रातच भर घालायला लागला. (समुद्राचा सातबारा कुणाच्या नावावर असणार?) कित्येक वर्षं, बहुतेक एकट्यानेच.

गिरमिटियांचं पहिलं जहाज १८४५ चं. त्याच्या दीडशेव्या वर्षी, १९९५ मध्ये, सरकारने ते देऊळ नीट बांधून दिलं. साधू तेव्हा हयात नव्हता. शेजारीच किनाऱ्यावर स्मशान आहे. चितेचा धूर देवळावरून जातो.