दुसरं छप्पर

नरसिंहपूरच्या आसपास कुणालाही ‘ट्रेलर’ म्हणजे काय विचारा. सिनेमाचा ट्रेलर त्याला आठवेल, पण आधी आठवेल ट्रॅक्टरमागची उसाची ट्रॉली. दिवाळीच्या सुमाराला या ट्रॉल्या इंदापूर-बारामतीच्या रस्त्यांवर उसाविनाच दिसतात. त्यांत असतं बीड-नगरकडून निघालेलं एखादं अख्खं घर: पत्र्याची पेटी, चूल, पाण्याचा ड्रम, गोधड्या, बांबू, एखादी शेळी आणि या सगळ्यावर बसलेली पोरं. पुढचे पाच-सहा महिने हे कुटुंब कारखान्याच्या तळावर किंवा फडाजवळ राहणार.

दुसरीकडे, माझ्यासारख्या लॅपटॉपवर पोट असणाऱ्यांच्या गप्पांत २०२० नंतर वेगळाच ट्रेलर शिरला. ऑफिसला जायचं नसेल तर एका शहरात राहायचं तरी कशाला? चाकांवरचं घर घ्यावं, हवं तिथे उभं करावं. २०२१ मध्ये राज्य सरकारनेही कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यामुळे ‘कोणता ट्रेलर घ्यावा?’ हा प्रश्न आता थट्टेचा राहिलेला नाही. यूट्यूबवर त्याची उत्तरं देणारे बहुतेक जण मात्र थंड देशांतले आहेत. त्यांची काळजी असते ऊब आत कशी टिकेल याची, आणि आपली नेमकी उलटी.

या उलट्या प्रश्नाचं उत्तर भीमेच्या काठावर निदान तीनशे वर्षांपासून पडलेलं आहे. ते समजून घ्यायला आधी थोडं गणित करू.

दहा चौरस मीटरचं गणित

नीरा आणि भीमा जिथे मिळतात तिथे, इंदापूर तालुक्याच्या टोकाला, नरसिंहपूर आहे. पलीकडे सोलापूर जिल्हा लागतो. सगळा मुलूख पर्जन्यछायेचा आहे. कालव्याचं पाणी आलं म्हणून ऊस आला, नाहीतर ही ज्वारी-बाजरीची जमीन. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी सहज ओलांडतो.

अशा उन्हातही लक्ष्मी-नृसिंहाच्या मंदिरात दुपारी गेलात तर दगड गार लागतो. जाड दगडी भिंत तापायला पूर्ण दिवस घेते, आणि ती तापेपर्यंत संध्याकाळ झालेली असते. उन्हाला हरवायचा हा एक मार्ग आहे: वजन. पण चाकांवरच्या घराला नेमकं तेच परवडत नाही.

आता एक मध्यम ट्रेलर घ्या. पाच मीटर लांब आणि दोन मीटर रुंद म्हणजे दहा चौरस मीटर छप्पर. भर दुपारी दर चौरस मीटरवर सुमारे एक किलोवॅट ऊन पडतं, म्हणजे छपरावर एकूण दहा किलोवॅट. एक टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो. छपरावर पडलेलं सगळंच ऊन आत शिरत नाही, हे खरं. पण लढाई कुठे आहे ते या आकड्यांवरून कळतं. ती छपरावर आहे. ऊन आत आल्यावर त्याच्याशी झुंजण्यापेक्षा त्याला वरच अडवणं स्वस्त पडतं.

वजन न वाढवता ते अडवायचं कसं? एकाऐवजी दोन पातळ छपरं करायची आणि मधे हवा खेळू द्यायची. वरचं छप्पर तापतं, मधली हवा ती उष्णता घेऊन निघून जाते आणि खालच्या छपराला ऊन दिसतच नाही.

भीमेकाठचं चालतं शहर

हे ज्यांना पक्कं ठाऊक होतं, त्यांतला एक माणूस याच नदीच्या काठी मुक्कामाला होता. पंढरपूरच्या खाली, मंगळवेढ्याजवळच्या ब्रह्मपुरीला १६९५ ते १६९९ अशी चार वर्षं औरंगजेबाचा तळ होता. माचणूरचा किल्ला ही त्याचीच खूण. त्याआधी तळ कृष्णाकाठी गलगल्याला असताना, १६९५ मध्ये जेमेली करेरी हा इटालियन प्रवासी तिथे जाऊन आला. त्याच्या अंदाजाने छावणीचा घेर तीस मैल होता आणि माणसं पाच लाख. अंदाज फुगलेला असेल, पण ते कापडाचं शहर होतं यात शंका नाही.

या शहराची रीत अकबराच्या काळातच घालून दिलेली होती. बादशाही मुक्काम हलवायला शंभर हत्ती, पाचशे उंट, चारशे गाड्या आणि शंभर हमाल लागत, असा हिशोब ‘आईन-इ-अकबरी’त अबुल फजलने दिला आहे. त्याच ग्रंथात वाळ्याच्या पडद्यांच्या खोल्यांचंही वर्णन येतं. बांबूच्या चौकटीत वाळा भरायचा, त्यावर पाणी शिंपडत राहायचं, की आत उन्हाळ्यात हिवाळा. औरंगजेबाबरोबर काश्मीरच्या वाटेवर गेलेल्या फ्रान्स्वा बर्निए या फ्रेंच वैद्याने लिहिलं आहे की बादशहाच्या तंबूंचे दोन संच असत. एक वापरात असताना दुसरा पुढच्या मुक्कामाला उभा होत असे. बादशहा उन्हात पोचायचा तेव्हा सावली तयार असायची. स्वतः बर्निए मात्र त्या प्रवासात उकाड्याने जेरीस आला होता.

वाळ्याच्या पडद्याचं गणित आजही चोख आहे. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे ०.६७ युनिट उष्णता शोषतं. म्हणजे तासाला पाचेक लिटर पाणी उडालं तर एक टनाच्या एसीइतकी उष्णता शोषली जाते. अट एकच, हवा कोरडी हवी. इंदापूरच्या एप्रिलमध्ये ती असते, कोकणात नसते. म्हणून इंदापुरात कूलर चालतो आणि रत्नागिरीत नुसता घाम वाढवतो.

जागा चुकली तर मात्र कितीही उत्तम तंबू वाचवत नाही. १७०० सालच्या पावसाळ्याच्या शेवटी औरंगजेबाचा तळ माण नदीकाठी खवासपूरला होता. रात्री अचानक पूर आला, छावणी वाहून गेली. त्या धावपळीत म्हाताऱ्या बादशहाचा गुडघा दुखावला आणि तो कायमचा लंगडू लागला. नदीकाठची सपाट, मऊ, मोकळी जागा मुक्कामाला मोहात पाडते. ट्रेलर उभा करताना ही गोष्ट आठवावी.

राहुटीला नसलेली गोष्ट

मराठ्यांनाही चालती घरं नवी नव्हती. नरसिंहपूर हे विंचूरकर सरदारांचं कुलदैवत, तिथल्या बांधकामांशी त्या घराण्याचं नाव जोडलेलं आहे. त्याच घराण्यातले विठ्ठल शिवदेव १७६१ ला पानिपतावर होते. देवाला दगडाचं घर देणाऱ्या या लोकांचं स्वतःचं अर्धं आयुष्य कापडाखाली जायचं.

पण कापडाकापडात फरक होता. आपल्याकडे डेरा, शामियाना, राहुटी, पाल असे कितीतरी शब्द आहेत, आणि त्यांतून माणसाची पायरी कळते. राहुटी हा शब्द इंग्रजांनीही उचलला. १८८६ च्या ‘हॉबसन-जॉबसन’ या कोशात तिची व्याख्या आहे: निमुळत्या छपराचा छोटा तंबू, ज्याला ‘फ्लाय’ नसतो. फ्लाय म्हणजे मुख्य तंबूवर अंतर सोडून ताणलेलं दुसरं कापड, म्हणजेच दुसरं छप्पर. साहेबाच्या तंबूला ते असायचं. दौऱ्यावरच्या कलेक्टरच्या तंबूला आतलं कापड, बाहेरचं कापड आणि मधे हवेला वाट असे. शिपाई, खलाशी, नोकर एका कापडाखाली झोपत.

यातली गंमत अशी की कलेक्टरचे दौरे मुख्यतः थंडीत होत. कडक उन्हाळ्यात मुंबई सरकारचे बडे अधिकारी महाबळेश्वर गाठत. सर्वांत चांगला तंबू ज्याच्याकडे होता, त्याला सर्वांत वाईट ऊन त्यात काढावं लागत नव्हतं.

धनगरांची गोष्ट वेगळी. त्यांचं घर घोड्याच्या पाठीवर मावलं पाहिजे, म्हणून त्यांनी छपरापेक्षा वाटच बदलली. पाऊस सरला की मेंढरं घेऊन कोकणाकडे किंवा जिथे चारा-पाणी असेल तिकडे, पावसाळा आला की परत माळावर. उन्हाशी भांडण्यापेक्षा ऋतूबरोबर सरकायचं. चाकांवरच्या घराचा खरा फायदा हाच आहे. मे महिन्यात इंदापूरच्या माळावर ट्रेलर उभा करून एसीचं बिल भरायचं असेल, तर त्याला चाकं कशाला?

थंड देशातून आलेला डबा

आज जो ट्रेलर आपण बघतो त्याचं कूळ इंग्लंडचं. १८८५ मध्ये गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त नौदल डॉक्टरने ‘वाँडरर’ नावाचं घोड्यांनी ओढायचं लाकडी घर बांधून घेतलं. हौसेखातर फिरण्यासाठी केलेली ती पहिली कॅरॅव्हॅन मानतात. पुढे अमेरिकेत विमानाच्या धर्तीवर ॲल्युमिनियमचे ट्रेलर आले. १९३६ च्या एअरस्ट्रीम क्लिपरमध्ये कोरड्या बर्फावर चालणारी थंड हवेची सोयसुद्धा होती. म्हणजे डबा तापतो हे पहिल्यापासून माहीत होतं, आणि उपाय डब्याच्या आत शोधला गेला.

उपाय बाहेर शोधला तो उष्ण मुलखांत विकायच्या गाड्यांनी. लँड रोव्हरच्या जुन्या स्टेशन वॅगनला ‘ट्रॉपिकल रूफ’ असे: मूळ टपावर थोडं अंतर सोडून बसवलेला दुसरा पत्रा. साहेबाच्या तंबूचा फ्लाय, पण धातूच्या अवतारात.

मग आज ट्रेलर निवडताना काय पाहावं? सगळ्यात आधी छप्पर. ते पांढरं हवं. पांढरा रंग बरंचसं ऊन परत पाठवतो, काळा किंवा गडद करडा जवळजवळ सगळं पितो. त्यावर सोलर पॅनल बसवणार असाल तर चिकटवू नका, हातभर नाही तरी चार बोटं अंतर ठेवून चौकटीवर बसवा. मग तेच दुसरं छप्पर होतं, वीज वरकड. भिंतींत फोम आहे की नाही एवढंच विचारू नका, सांगाडा कशाचा आहे तेही विचारा. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या बाहेरून आतपर्यंत सलग गेल्या असतील तर उष्णता फोमला वळसा घालून आत येते. समोरासमोर मोठ्या खिडक्या आणि छतात हवा बाहेर फेकणारा पंखा हवाच, कारण फोम दिवसा ऊन अडवतो तसा रात्री आतली उष्णताही धरून ठेवतो. सांधे आणि रबरी पट्ट्या हात लावून पाहा. आपल्या उन्हात डिंक सुटतो, रबर तडकतं, आणि पहिल्याच पावसात पाणी आत येतं. शेवटी ॲक्सल, टायर आणि वजन. जड ट्रेलर तापल्या डांबरावर टायर खातो.

बाकी पलंग, शेगडी, दिव्यांच्या माळा नंतर.

कोपी

आता पुन्हा त्या ट्रॉलीकडे. हौसेने चाकांवर राहणारे महाराष्ट्रात मोजके असतील. पोटासाठी दर वर्षी घर उचलून नेणारे ऊसतोड कामगार लाखो आहेत, आणि भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरच्या पट्ट्याला ते पिढ्यानपिढ्या ओळखीचे आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर त्यांची संख्या वाढत गेली. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरायचा, आणि राहायला कोपी.

जुनी कोपी बांबू, चटई आणि उसाच्या पाचटाची. पाचट म्हणजे एकावर एक पातळ पानं आणि मधे हवा, म्हणजे एक नव्हे तर शेकडो छपरं. ती पेट घेई, पावसात गळे, म्हणून वर ताडपत्री आणि प्लॅस्टिक आलं. ते येणं चूक नव्हतं. अवकाळी पावसात तान्हं मूल कोरडं ठेवायचं असेल तर प्लॅस्टिकच कामाला येतं. पण हळूहळू पाचट गेलं आणि नुसतं प्लॅस्टिक उरलं. एकच थर, तोही हवा न सोडणारा. हंगाम लांबला की मार्च-एप्रिलची दुपार त्याखाली काढायची असते. पहाटे तोडीला गेलेली बाई दुपारी परत येते ती या भट्टीत, आणि आत चूल पेटवते.

उष्ण प्रदेशात चालतं घर कसं असावं, हे ज्ञान आपल्याकडे कधीच कमी नव्हतं. बादशहाकडे होतं, कलेक्टरकडे होतं, आज ट्रेलर घेणाऱ्याला मोबाइलवर मिळतं. पाचटाखाली राहणाऱ्यालाही होतं. कमी होतं ते दुसरं छप्पर कुणाच्या खर्चाने उभं राहणार, याचं उत्तर.

खर्च तरी किती? कोपीच्या वर हात-दीड हात अंतर सोडून चार बांबूंवर ताणलेलं शेडनेट, दोन्ही टोकांना हवेला वाट, आणि चुलीसाठी बाजूला वेगळा आडोसा. हंगाम संपला की गुंडाळून ट्रॉलीत टाकता येईल इतकं हलकं. इंदापूरच्या शेतकऱ्याला शेडनेट शिकवावं लागत नाही. ढोबळी मिरचीला ऊन लागू नये म्हणून तो ते एकरांनी उभं करतो. कारखान्याला चिमणी पेटण्याआधी गाड्यांचे करार, मुकादमांच्या उचली, तळाची जागा हे सगळं ठरवावंच लागतं. त्या यादीत दर कोपीमागे एक शेडनेट आणि चार जादा बांबू लिहायला एक ओळ पुरेल.

पुढच्या दिवाळीला ट्रॉल्या येतील तेव्हा त्यांत पेटी, ड्रम, शेळीबरोबर हिरव्या जाळीची गुंडाळीही दिसायला हवी.