न्हाणीघरांतील बंब आणि त्याची झडप

मराठी घरांत पाणी तापविण्याच्या तांब्याच्या उभ्या पात्रास बंब म्हणतात, आणि आग विझविण्यासाठीं घंटा वाजवीत धांवणाऱ्या गाडीसही बंबच म्हणतात. एक आगीवर पाणी तापवितो, दुसरा आगीवर पाणी ओततो. दोहोंचेंही नांव पोर्तुगीज भाषेंतील ‘बोंबा’ म्हणजे पाणी चढविण्याचा पंप, ह्या शब्दावरून आलेलें आहे. पाण्याशीं व आगीशीं संबंध असलेल्या कोणत्याही मोठ्या धातूच्या यंत्रास आपल्या लोकांनीं हें नांव मोकळ्या हातानें देऊन टाकलें, असेंच म्हणावें लागतें.

ज्यांच्या लहानपणीं घरीं बंब होता त्यांस त्याची रचना सांगावयास नको. मधोमध उभें नळकांडें, त्यांत ढलपे, गोवऱ्या किंवा कोळसा, भोंवतालीं पाणी, खालीं राखेची जाळी, वर झांकण, आणि बाजूस तोटी. जळणाची आंच चहूंबाजूंनीं पाण्यानें वेढलेली असल्यामुळें ती वायां जात नाहीं, हा त्यांतला मुख्य हिशेब. हा हिशेब फार जुना आहे. इ. स. ७९ मध्यें राखेखालीं गडप झालेल्या पाँपेई नगरांतून आंत निखारे व भोंवतीं पाणी अशा रचनेचीं कांशाचीं पात्रें निघालीं आहेत. रोमन लोक त्यांस ‘ऑथेप्सा’ म्हणजे आपोआप शिजविणारें भांडें म्हणत, आणि सिसरोच्या एका भाषणांत त्याचा उल्लेख येतो. त्याच पाँपेईंत १९३८ मध्यें हिंदुस्थानांतून गेलेली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ति सांपडली, आणि तिच्याशीं साम्य असलेली हस्तिदंती मूर्ति आपल्या धाराशिव जिल्ह्यांतील तेर येथें मिळाली आहे. तेर म्हणजे प्राचीन तगर. तेथील माल भडोचच्या बंदरावरून पश्चिमेकडे जात असे. मूर्ति गेली, तिच्या मोबदल्यांत बंब आला, असें म्हणण्यास आधार कांहींच नाहीं, व आम्हीही तसें म्हणत नाहीं. परंतु दोन्ही देशांतील तांबटांस एकच युक्ति सुचावी यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं.

ह्या जुन्या बंबाचा एक गुण असा, कीं तो कधीं फुटला असें ऐकिवांत नाहीं. त्याचें तोंड उघडें. पाणी उकळलें तर वाफ झांकण खडखडवून निघून जाई. त्याचीं दुखणीं निराळीं होतीं. पाणी कमी असतांना जाळ केला कीं डाग वितळून सांधा पाझरूं लागे, आणि मग तांबटाकडे फेरी ठरलेली. दुसरें दुखणें मात्र जिवावरचें होतें: दार-खिडकी बंद करून न्हाणीघरांत कोळशाचा बंब ठेवला, तर त्याचा विषारी वायु वासावांचून माणसास गाठी. आजच्या ग्यासच्या गीझरांनींही हाच धोका जसाच्या तसा चालूं ठेवला आहे.

तोंड बंद केलेल्या पात्राची कथा वेगळी आहे, आणि तिचें मूळ बंदुकीच्या दारूंत आहे. वाशी तालुक्यांतील तेरखेडें हें गांव शोभेच्या दारूसाठीं व फटाक्यांसाठीं महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे. कोंडलेला वायु वाट मिळाली नाहीं तर भिंत फोडून वाट करतो, हें ह्या गांवास पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. सतराव्या शतकांत ख्रिश्चन ह्यूजेन्स ह्या डच शास्त्रज्ञानें १६७३ च्या सुमारास पॅरिस येथें हाच विचार यंत्रास लावून पाहिला: नळकांड्यांत चिमूटभर दारू उडवून दट्ट्या हालवावयाचा. त्याच्या हाताखालीं डेनिस पापें नांवाचा तरुण होता. दारूच्या ठिकाणीं पाण्याची वाफ वापरण्याची कल्पना ह्या पापेंनें १६९० मध्यें मांडली. परंतु त्याआधींच, १६७९ मध्यें, त्यानें हाडें शिजवून मऊ करणारें एक घट्ट झांकणाचें पात्र लंडन येथें दाखविलें होतें. आपल्या स्वयंपाकघरांतील प्रेशर कुकरचा तो पूर्वज. पात्र फुटूं नये म्हणून पापेंनें त्यास एक दांडी व वजन लावलेली झडप बसविली. आंतील दाब वजनापेक्षां अधिक झाला कीं झडप उचलली जाई व वाफ निघून जाई. सुरक्षा-झडपेचा जन्म तो हा. पुढें आलेल्या न्यूकोमेन व वॉट यांच्या एंजिनांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. ह्या झडपेविषयीं फारसें कोणी लिहीत नाहीं.

झडपेचा दुर्गुण एकच. ती आपलें काम करूं लागली कीं बिघाड झाल्यासारखी दिसते. फुसफुसते, थेंब गाळते, जमीन ओली करते. अमेरिकेंतील चार्ल्स्टन येथें १८३१ च्या जून महिन्यांत ‘बेस्ट फ्रेंड’ नांवाचें आगगाडीचें एंजिन फुटलें, त्याचें कारण असें सांगतात कीं, वाफेच्या फुसफुसण्यास कंटाळून कोळसेवाल्यानें झडपच दाबून धरली. तो बिचारा त्यांतच दगावला. ह्याहून भयंकर प्रकार मिसिसिपी नदींत २७ एप्रिल १८६५ रोजीं घडला. यादवी युद्ध संपून बंदिवासांतून सुटलेले सैनिक घरीं परतत होते. ३७६ उतारूंची परवानगी असलेल्या ‘सुलताना’ बोटीवर दोन हजारांहून अधिक माणसें कोंबलीं होतीं. तिच्या एका बॉयलरचा पत्रा फुगून पाझरत होता. तो पुरता बदलण्यास वेळ लागेल म्हणून व्हिक्सबर्ग येथें त्यावर ठिगळ मारण्यांत आलें. मेंफिसच्या पुढें मध्यरात्रीनंतर बॉयलर फुटले आणि हजाराहून अधिक माणसें जळून वा बुडून मेलीं. गढूळ पाणी, अति भार, ठिगळ, यांतील कोणत्या कारणाचा वांटा किती, ह्याविषयीं वाद आहे. ठिगळ मारणारास मात्र घाई होती, ह्याविषयीं नाहीं.

हिंदुस्थानांतही ह्या धड्याची किंमत माणसांनींच भरली. १८६३ मध्यें कलकत्त्यास बॉयलरचा स्फोट झाला, आणि पुढच्याच वर्षीं बंगाल इलाख्यांत बॉयलरच्या तपासणीचा कायदा झाला. सबंध देशास लागू असा कायदा १९२३ मध्यें आला. त्यांत बॉयलर म्हणजे वाफ उत्पन्न करण्याचें, पांच गॅलनांहून मोठें, बंद पात्र. सोलापूरच्या गिरण्यांचे बॉयलर त्यांत आले. घरांतील पाण्याचा बंब अर्थातच आला नाहीं.

परंतु घरांतील बंबाचेंही तोंड ह्याच सुमारास बंद होत आलें होतें. लंडनच्या बेंजामिन मॉघन ह्यानें १८६८ मध्यें ग्यासवर पाणी तापविण्याचें यंत्र काढलें व त्यास आइसलंडमधील उष्ण कारंज्याचें ‘गीझर’ हें नांव दिलें. त्यानंतर एडविन रूड ह्या नॉर्वेहून आलेल्या यंत्रज्ञानें १८८९ मध्यें अमेरिकेंत आपोआप चालणारा व पाणी सांठवून ठेवणारा तापक केला. आज खेड्यापाड्यांतून विजेचा जो गीझर दिसतो, तो ह्याच वंशांतला. पापेंची झडप त्याच्या बुडाशीं, अंगठ्याएवढ्या आकारांत, अजून बसलेली असते.

तेरखेडें येथें आम्हीं अलीकडे एक घर विकत घेतलें. त्यांत पूर्वीच्या मालकांनीं ठेवलेला पंधरा लिटरांचा असाच गीझर होता. त्याच्या डोक्यावरील नळाचा सांधा दर आठ-दहा दिवसांनीं गळे. कारागीर येई, सांध्यास नवी टेप गुंडाळी, पैसे घेई व जाई. आठवड्यानें भिंत पुन्हां ओली. तीनदां असें झाल्यावर, काय गळतें हें पाहण्याचें सोडून केव्हां गळतें हें आम्हीं पाहूं लागलों. रात्रीं वीज बंद असतां सांधा कोरडा राही. तोटी उघडी असतांना कोरडा राही. वीज चालूं करून पाणी तापत असतां, आणि अद्याप कोणी तोटी उघडली नसतां, नेमक्या त्याच दहा-पंधरा मिनिटांत तो पाझरे. मग सांध्यावरचा संशय उडाला.

पाणी तापलें कीं फुगतें. पंधरा अंशांचें पाणी पांसष्ट अंशांवर नेलें तर तें शेंकडा दोनच्या आसपास वाढतें. म्हणजे पंधरा लिटरांस पाव लिटराहून किंचित् अधिक. साध्या नळांत हें वाढलेलें पाणी मागें टांकीकडे सरकतें. येथें मात्र मागें जाणारें पाणी अडविणारी एकमार्गी झडप नळास बसविलेली होती. तेव्हां तें पाणी सुरक्षा-झडपेंतून थेंबाथेंबानें बाहेर पडावयास हवें. वीज मुख्य कळीपासून बंद करून गीझरच्या बुडाशीं पाहिलें, तों झडपेच्या तोंडांत दोरा गुंडाळून एक स्क्रू पक्का पिळलेला. कोणा जुन्या कारागिरास तें थेंब गळणें हाच बिघाड वाटला असावा. तोंड बांधल्यावर पाव लिटर पाणी रोज सकाळीं सर्वांत दुबळा सांधा शोधीत होतें, आणि त्या सांध्यावर आम्ही टेप गुंडाळीत होतों. सांधा दुबळा होता हें आमचें भाग्य म्हणावयाचें. तो बळकट असता, आणि उष्णतेचें नियमन करणारा थर्मोस्टॅट एखाद्या दिवशीं चिकटला असता, तर पाणी दाबाखालीं शंभर अंशांच्या वर चढलें असतें. मग पत्रा फाटतांच त्यांतील कांहीं भागाची क्षणांत वाफ झाली असती, आणि वाफेस पाण्याच्या सोळाशेंपट जागा लागते. न्हाणीघराच्या भिंतीपलीकडेच मुलांची निजण्याची खोली आहे.

थर्मोस्टॅट चिकटण्याची भीति ह्या भागांत पोकळ नाहीं. टांकी उघडली तेव्हां आंतून पांढऱ्या खपल्या ओंजळी-ओंजळीनें निघाल्या आणि कॉईल चुन्याच्या कांडीसारखी दिसत होती. खपलीवर लिंबू पिळलें तों फसफसलें. म्हणजे ती चुनखडीच. बालाघाटाचा हा काळा खडक झिजतांना त्यांतील चुना पाण्यांत उतरतो. आपल्या काळ्या मातींत चुनखडीचे खडे मिळतात ते त्याच घराण्यांतले. पाण्यांत विरघळलेल्या कर्बवायूच्या आधारानें हा चुना अदृश्य राहतो. पाणी तापवावें कीं वायु निघून जातो आणि चुना तापलेल्या भागावरच बसतो. तो थर उष्णता पाण्यांत जाऊं देत नाहीं, कॉईल आंतल्या आंत भाजून निघते व जळते. घराच्या कोनाड्यांत नव्या कॉईलच्या तीन पावत्या सांपडल्या, त्यांचा अर्थ तेव्हां उलगडला.

ह्या चुन्यापुढें रोमन लोकही हरले होते. फ्रान्समधील नीम नगरास पाणी नेणाऱ्या त्यांच्या पाटांत कांहीं ठिकाणीं जवळजवळ हातभर जाडीचा थर सांचलेला आजही दिसतो. वाफेच्या युगांतील एंजिनवाले बॉयलरांत बटाटे, झाडांच्या साली, काकवी, असें कायकाय टाकीत. थर टणक न होतां गाळासारखा राहावा ही आशा. ह्यांतलें पहिलें शास्त्रशुद्ध उत्तर १८४१ मध्यें अबर्डीनच्या टॉमस क्लार्कनें काढलें. पाण्यांतील चुना काढण्यासाठीं पाण्यांतच चुन्याची निवळी घालावयाची. दोन्ही मिळून खालीं बसतात. काट्यानें काटा काढण्याचा हा प्रकार मोठ्या कारखान्यांस मानवला, घरांत मात्र कोण करणार? बारशीच्या लहान रुळांच्या रेल्वेचीं एंजिनें १८९७ पासून ह्याच मुलखाच्या पाण्यावर धांवत. वाफेच्या कोणत्याही एंजिनाप्रमाणें त्यांच्याही पोटांतला गाळ ठराविक मुदतीनें धुवून काढल्यावांचून गत्यंतर नव्हतें. विहिरीचें वा बोअरचें पाणी वापरणाऱ्या गृहस्थानेंही वर्षांतून एकदां तेंच करावें, आणि उष्णता साठ अंशांच्या आंत ठेवावी. त्याहून वर चुना झपाट्यानें बसतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकांत एकूण कठिणता लिटरास २०० मिलिग्रॅमपर्यंत इष्ट व अन्य सोय नसल्यास ६०० पर्यंत चालण्याजोगी धरली आहे. पिणारास जें चालतें तें कॉईलीस चालेलच असें नाहीं.

टांकी धुतली, कॉईल व सुरक्षा-झडप नवी बसविली, आणि झडपेच्या तोंडास एक बारीक नळी जोडून ती भिंतीतून बाहेर मोरीवर सोडली. सांध्यास त्यानंतर कोणीही हात लावलेला नाहीं. नळीखालीं मापाचें भांडें ठेवून पाहिलें; पहिल्या सकाळीं पाव लिटराला थोडें कमी पाणी भरलें. शेजारच्या गृहस्थांनीं तें पाहून नळी गळते आहे असें सांगितलें व तींत बूच बसविण्यास आपला माणूस पाठवूं का, असें विचारलें. त्यांच्या गीझरची झडप दुसऱ्या दिवशीं आम्हीं दोघांनीं मिळून पाहिली.