नामांतराचा प्रश्न आणि मध्यममार्गी नेतृत्वाविषयीचा पुरोगामी भ्रमनिरास (१९७८-१९९४)

प्रस्तावना :
मराठवाडा विद्यापीठाची स्थापना २३ ऑगस्ट १९५८ रोजी झाली. तत्पूर्वीच, १९५० मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तत्कालीन औरंगाबाद येथे महाविद्यालय सुरू केले होते. त्यामुळे विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव देण्याच्या मागणीस शैक्षणिक इतिहासाचा आधार होता. सत्तेतील मध्यममार्गी नेतृत्वाने ही मागणी कशी हाताळली आणि त्यातून पुरोगामी चळवळीच्या पदरी निराशा का आली, याचा प्रस्तुत लेखात विचार केला आहे.

ठराव आणि स्थगिती :
१८ जुलै १९७८ रोजी शरद पवार यांच्या नेतृत्वाखाली पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार सत्तेवर आले. जनता पक्ष, शेतकरी कामगार पक्ष आदींचा सहभाग असल्याने या सरकारकडून परिवर्तनवाद्यांच्या मोठ्या अपेक्षा होत्या. २७ जुलै रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव एकमताने संमत केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. शासनाने ठरावाची अंमलबजावणी लांबणीवर टाकली.

येथेच भ्रमनिरासाचे मूळ आहे. ठरावास सभागृहात विरोध झाला नव्हता. विरोध झाला तो गावात. सभागृहातील एकमत म्हणजे समाजाचे मतपरिवर्तन, असे नेतृत्वाने गृहीत धरले आणि ते गृहीतक कोसळताच शांततेच्या नावाखाली निर्णय थांबविला. परिणामी हिंसेची झळ ज्यांना बसली, त्यांनाच संयमाचा उपदेश ऐकावा लागला.

पुरोगाम्यांमधील दुभंग :
तथापि, सर्व दोष सत्ताधाऱ्यांवर टाकणे इतिहासास धरून होणार नाही. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा वारसा सांगणारे गोविंदभाई श्रॉफ व अनंत भालेराव यांनी प्रादेशिक अस्मितेच्या भूमिकेतून नामांतरास विरोध केला, तर एस. एम. जोशींसारखे समाजवादी नामांतराच्या बाजूने उभे राहिले. या दुभंगामुळे शासनाच्या चालढकलीस आयतेच निमित्त मिळाले. १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून लाँग मार्च निघाला. फेब्रुवारी १९८० मध्ये पुलोद सरकार बरखास्त झाले. पुढील काँग्रेस सरकारांच्या काळातही प्रश्न भिजत पडला. १९९३ मध्ये नांदेड येथे गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले.

निष्कर्ष :
१४ जानेवारी १९९४ रोजी, पवार मुख्यमंत्री असतानाच, 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असा नामविस्तार झाला. हे श्रेय त्यांना नाकारता येत नाही. परंतु दोन्ही नावे राखण्याची ही तडजोड करण्यास सुमारे साडेपंधरा वर्षे लागली. मध्यममार्गाचे मूल्यमापन करताना तडजोड कोणती झाली, एवढेच पाहणे अपुरे ठरते. ती होईपर्यंतच्या विलंबाची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. आणि नामांतराच्या बाबतीत ती प्रामुख्याने दलित समाजाने मोजली.