विषाच्या चौकटीची कुळकथा

वऱ्हाडातील कोणत्याही कृषी केंद्राच्या फळीवर मांडलेले कीटकनाशकांचे डबे पाहिले, तर प्रत्येकावर कोनावर उभी केलेली, शंकरपाळ्याच्या आकाराची एक चौकट आढळते. तिच्या वरच्या अर्ध्या भागात इशारा आणि खालच्या भागात लाल, पिवळा, निळा वा हिरवा यांपैकी एक रंग असतो. पऱ्हाटीवर फवारणी करणारा मजूर वऱ्हाडी बोलणारा असो, मेळघाटातून उतरलेला कोरकू असो वा तांड्यावरचा बंजारा, अक्षरओळख नसतानाही त्याला विषाची तीव्रता नजरेने उमगावी, हा या चौकटीचा उदात्त हेतू आहे.

तिचे मूळ मात्र कापसाच्या मुलखात नाही. १९५८ साली केरळ व मद्रास राज्यांत पॅराथिऑन या जहाल कीटकनाशकाने दूषित झालेले अन्न खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. विष आणि धान्य यांची वाहतूक एकत्र झाल्याने हा अनर्थ ओढवला होता. चौकशीसाठी न्यायमूर्ती जे. सी. शहा यांचा आयोग नेमला गेला, आणि पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा व १९७१ ची नियमावली अमलात येऊन ही चौकट सक्तीची झाली.

रंग ठरतो तो प्रयोगशाळेतील निम्मे प्राणी दगावण्यास, त्यांच्या वजनाच्या दर किलोमागे, किती मिलिग्रॅम विष लागते यावरून: तोंडावाटे ५० पर्यंत लागल्यास लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५००० पर्यंत निळा आणि त्यापुढे हिरवा, कातडीवाटे भिनणाऱ्या विषाचीही अशीच निराळी मोजणी नियमांत आहे. पाश्चात्त्य औषधविक्रेत्यांकडे एकोणिसाव्या शतकातच रूढ झालेली कवटी व हाडांची खूण आपल्या नियमांनी स्वीकारली, परंतु केवळ लाल वर्गासाठी. पिवळ्यावर ‘विष’, निळ्यावर ‘धोका’ आणि हिरव्यावर ‘सावधान’ या अर्थाचे शब्द आले. म्हणजे ज्याच्यासाठी चित्र योजले, त्या निरक्षराला लाल सोडून अन्यत्र केवळ रंगच उरला. आणि हिरवा रंग तर शेतकऱ्याच्या डोळ्यांस पिकाचा, भरभराटीचा.

चिन्ह पाहणाऱ्याच्या जगाप्रमाणे अर्थ पालटते, हे १९७१ मध्येच अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील बालरुग्णालयाचे डॉ. रिचर्ड मोरियार्टी यांनी ओळखले होते. तेथील बालकांना कवटी म्हणजे चाचेगिरीचे साहस वाटे. म्हणून त्यांनी तिच्याऐवजी जीभ काढून किळस दाखविणारा हिरवा चेहरा विषाच्या बाटल्यांसाठी प्रचारात आणला.

आपल्या चौकटीची कसोटी २०१७ च्या खरिपात लागली. यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जणांचे प्राण गेले आणि शेकडो दवाखान्यांत दाखल झाले; अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली तपास पथक नेमावे लागले, आणि अकोला, अमरावतीसह विभागातील पाचही जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर साठ दिवसांची बंदी जाहीर झाली. त्या पाचांतील सर्वच लाल चौकटीची नव्हती, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही. कारण चौकट एका डब्यातील एका द्रव्याची साक्ष देते. परंतु दोन-तीन द्रव्ये एकाच पंपात कालवून, डोक्याइतक्या वाढलेल्या कपाशीत, भर उन्हात, उघड्या अंगाने दिवसभर फवारणाऱ्याच्या श्वासात काय गेले, ते कोणताही रंग सांगू शकत नाही.

म्हणून चौकट टाकाऊ ठरत नाही, ती अपुरी ठरते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने, कृषी सहायकांनी आणि विक्रेत्यांनी प्रत्येक हंगामापूर्वी मजुरासमोर डबा धरून, त्याच्याच बोलीत, चारही रंग विषाचेच आहेत आणि हिरवा म्हणजे परवानगी नव्हे, एवढे तरी समजावून सांगावे. तोंडावरची पट्टी आणि हातमोजे मालकाने पंपासोबतच द्यावेत. रंग छापून कायद्याचे काम संपले असेल. आपले संपलेले नाही.