आपल्या छतांचा इतिहास

स्मरणिका समितीने सोसायटीचा इतिहास लिहायला सांगितला, तेव्हा मी नोंदणीचे कागद आणि वार्षिक सभांची इतिवृत्ते काढून बसलो. पण ते सगळे अहवालांत छापून आलेलेच आहे. बँकेत ३६ वर्षे ताळेबंद तपासल्यावर ताळेबंदात न येणारे काहीतरी लिहावेसे वाटले, म्हणून आपल्या घरांतल्या छतांचा आणि त्यांतल्या दिव्यांचा इतिहास लिहितो आहे. त्यात एक प्रकरण माझ्या फजितीचे आहे. सी विंगमध्ये ते बऱ्याच जणांना अर्धवट माहीत आहे, आता पूर्ण कळू दे.

माझे लहानपण गिरगावच्या चाळीत गेले. मुंबईला वीज पुरवणारी ‘बेस्ट’ कंपनी १९०५ सालची, त्यामुळे तिथे वीज जुनीच. खोलीत ४० वॅटचा एक गोळा आणि भिंतीवरून लाकडी पट्टीतून गेलेली वायर. दिसायला ओबडधोबड, पण सगळे डोळ्यांसमोर. कुठे पट्टी काळवंडली की वडील लगेच वायरमनला बोलावत.

२००० साली आम्ही जूचंद्रला आलो. नायगाव स्टेशनला उतरायचे, मिठागरांचा वारा खात यायचे, डोंगरावर चंडिकामाता. पत्ता ठाणे जिल्हा, कारभार ग्रामपंचायतीचा. (३ जुलै २००९ ला महानगरपालिका आणि १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला. तेवढ्यात माझी लेटरहेडे दोनदा वाया गेली.) पहिले वीजबिल महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे होते. ६ जून २००५ ला मंडळाचे विभाजन होऊन महावितरण आले. बिल्डरने खोलीला एक ट्यूब, एक पंखा, एक बल्ब एवढेच पॉइंट दिले होते. वर नुसता चुना मारलेला स्लॅब. भारनियमनाच्या काळात तर तेही दिवे शोभेचेच, आम्ही जिन्यात गप्पा मारत बसायचो.

पहिले पीओपीचे छत बी विंगमध्ये झाले, २००४ च्या दिवाळीत. बघायला अख्खी सोसायटी गेली होती. छतात भोके पाडून आत बसवलेले आठ हॅलोजन! दिवा दिसतच नाही, नुसता उजेड पडतो, याचेच सगळ्यांना नवल. आमची सौ. म्हणाली, “लग्नाच्या हॉलसारखं वाटतं.” मग घरोघर तीच लाट आली. तेव्हा कुणी हिशेब केला नाही, मी आज करतो. प्रत्येकी ५० वॅटप्रमाणे आठांचे ४०० वॅट. रोज पाच तास लावले तर २ युनिट, महिन्याला ६०. आज तेवढ्याच जागी ६ वॅटचे आठ एलईडी महिन्याला साडेसात युनिटही घेत नाहीत.

पैशांपेक्षा वाईट गोष्ट उष्णतेची. हॅलोजनची काच बोट भाजेल इतकी तापते आणि ती उष्णता छताच्या पोकळीत कोंडून राहते. त्यात आपल्याकडची खारी हवा! तांबे हिरवे पडते, स्क्रू गंजतात, जोड सैल होतो. सैल जोड तापतो, तापला की आणखी सैल होतो. २००८ साली एका सभासदाच्या हॉलमध्ये जळका वास येऊ लागला. छत उघडले तर प्लायच्या पेटीला काळे वर्तुळ, शेजारी नुसत्या पिळून टेप गुंडाळलेल्या वायरी. आणखी एखादा आठवडा गेला असता तर काय झाले असते, हा विचार मी आजही टाळतो.

तेव्हा मी सचिव होतो. मी नियम वाचून काढले. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतला ४५ वा नियम मला फार शहाणपणाचा वाटला. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच असे घरगुती सामान आहे तसे बदलायला मुभा, पण वायरिंगमध्ये भर किंवा फेरफार करायचा तर परवानाधारक ठेकेदारच हवा. २०१० च्या नव्या विनियमांतही हेच तत्त्व राहिले. तशी नोटीस मी टाईप करून तिन्ही विंगच्या फलकांवर लावली. खाली माझी सही.

आणि ती नोटीस मोडली ती मीच.

एव्हाना एलईडी स्वस्त झाले होते. निळ्या एलईडीला २०१४ चे नोबेल मिळाले, जानेवारी २०१५ मध्ये सरकारची उजाला योजना सुरू झाली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये वायरमन येईना आणि वेळ जाईना. मी हॉलमधले दोन हॅलोजन काढून एलईडी बसवले. इथवर नियमात होते. मग हुरूप आला. पॅसेजमध्ये तिसरा नवा दिवा हवा म्हणून हॉलच्याच वायरीवरून जोड घ्यायला स्टुलावर चढलो. स्विच बंद केला होता. पण तो स्विच कधीकाळी कुणीतरी फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेला होता. दिवा विझला, वायर मात्र जिवंतच. झटका बसला तो खांद्यापर्यंत. खाली पडून डावे मनगट मोडले. सौ. ने मेन स्विच पाडला आणि नंतर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

पुढच्या कमिटी सभेत मी हे सांगितले आणि इतिवृत्तात लिहून घ्यायला लावले. लॉकडाऊन उठल्यावर परवानाधारक वायरमनने आधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. गळती झाली की तो क्षणात वीज तोडतो. नव्या पॉइंटची वायर त्यानेच ओढली. दिवा मात्र त्याच्या देखरेखीखाली मी लावला. त्याने शिकवलेले इथे लिहितो, तरुण मंडळी हल्ली ऑनलाइन दिवे मागवतात म्हणून.

भिंतीवरच्या स्विचवर भरवसा नाही, एमसीबीच पाडायचा आणि घरातल्या सर्वांना सांगायचे. टेस्टर आधी चालू सॉकेटवर लावून तो ठीक आहे याची खात्री करायची, मग त्या जागची प्रत्येक वायर तपासायची, मग पुन्हा चालू सॉकेटवर. स्टूल नको, घोडा शिडी, आणि खाली एक माणूस. डोळ्यांवर चष्मा, कारण पीओपीची भुकटी थेट डोळ्यांत येते. भोक दिव्याच्या तोंडाच्या मापाने पाडायचे नाही, खोक्यावर ‘कटआउट’चे माप असते ते घ्यायचे, नाहीतर दिवा खाली निसटतो. आणि मोठे भोक पाडण्याआधी मध्यभागी बोटभर भोक घ्यायचे, काटकोनात वाकवलेली तार आत घालून गोल फिरवायची. कुठे अडली तर तिथे पत्र्याचा चॅनेल किंवा वायर आहे, जागा बदलायची. जोड टेपचा नाही, कनेक्टरचा. ड्रायव्हरला वर मोकळी हवा हवी, आणि त्यावर बीआयएसचा नोंदणी क्रमांक बघून घ्यायचा. दिव्याच्या स्प्रिंगा बोटे चावतात, हे त्याने सांगितले नव्हते.

आपल्या लॉबीत दिवाळीला रांगोळी काढायला गावातले कलाकार येतात. जूचंद्रची रांगोळी सगळीकडे नावाजलेली. आम्ही मोठ्या कौतुकाने पांढरेशुभ्र दिवे छतात बसवले, तर त्यातल्या एकाने व्यक्तिचित्र अर्ध्यावर थांबवले. म्हणाला, “काका, या उजेडात गालाचा रंग निळा दिसतो, मी काय करू?” तेव्हा कळले की रंग खरे दिसण्याचेही एक माप असते, सीआरआय. ९० च्या वरचे, किंचित उबदार दिवे आणले. ते सगळे परवानाधारक माणसाकडून लावून घेतले, पावती फाइलला आहे.

माझ्या पॅसेजमधले लॉकडाऊनमधले ते पहिले भोक, चॅनेलवर आपटून अर्धवट राहिलेले, अजून आहे. त्यावर पांढरे गोल झाकण बसवले आहे. नवे पाहुणे विचारतात, “काका, कॅमेरा लावलाय का?” मी हो म्हणतो.