पूर्वग्रह : संपादकीय तळटीप
१. पूर्वग्रह – लेखक हा शब्द मनातल्या अढीपुरता वापरतात. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांची १९५४ची व्याख्याही तशीच : सदोष आणि ताठर सामान्यीकरणावर पोसलेला आकस. पण अढी आणि वागणूक नेहमी जोडीने चालतात असे नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापिएर एका चिनी जोडप्याबरोबर देशभर हिंडले. २५१ हॉटेले-खाणावळींपैकी फक्त एकाने त्यांना नाकारले. पुढे पत्राने विचारल्यावर मात्र उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिकांनी चिनी गिऱ्हाईक घेणार नाही असे कळवले (निबंध १९३४चा). मग यांतले वंशद्वेष्टे किती मोजायचे, एक की जवळजवळ सगळे? अर्थात प्रवासात सोबत गोरा प्राध्यापक होता, हेही हिशेबात धरायलाच हवे. – संपा.