गडाची वाट आणि नकाशा

चैत्र आला की आपल्या दिंडोरीवरून वणीच्या गडाकडे पायी जाणाऱ्यांची रीघ लागते. नाशिकहून साठेक किलोमीटरची वाट. आता हातात मोबाईल असतो. आपल्या आज्या-पणज्या कशाच्या भरवशावर निघायच्या?

त्या डोंगर धरून चालायच्या. नाशिक सुटलं की डाव्या हाताला रामशेज. तो मागे पडला की दिंडोरी आली. वणीपुढे डावीकडे अहिवंत, लांब उजवीकडे खाच पडलेला धोडप, आणि मधे मार्कंड्या नि आईचा गड. उन्हापायी चालणं रात्रीचं. वाट उत्तरेची, म्हणजे ध्रुवतारा समोर. पौर्णिमेचा चांद संध्याकाळी उजव्या हाताला उगवणार, पहाटे डाव्या हाताला मावळणार. घड्याळही तोच, दिशाही तोच. आणि पाणी! कोणती विहीर गोड, कोणती चैत्रात आटते, हे सासू सुनेला सांगायची. आमच्या मते खरा नकाशा तोच होता.

कागदावरचा नकाशा नंतर आला. १८०२ साली लॅम्बटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं मद्रासजवळ देशाची मोजणी सुरू केली. कोन मोजायचं त्याचं यंत्र अर्ध्या टनाचं, ते वाहायला माणसं लागत. मोजत मोजत तो आपल्या वर्ध्याच्या हिंगणघाटला पोचला आणि १८२३ मध्ये तिथंच वारला. मोजणी पुढे चालूच राहिली. यंत्र उंची सांगतं, नाव सांगत नाही. डोंगराला काय म्हणतात, हे गावातल्याच माणसांना विचारावं लागे. नकाशावर छाप मात्र सरकारची.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांकांत दिंडोरीचं पान ४६ एच/१६ आणि गडाचं ४६ एच/१५. आता असे नकाशे २०१७ पासून इंटरनेटवरून फुकट उतरवता येतात. त्यावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. रस्त्यावर दोरा ठेवा, मग तो पट्टीवर मोजा, अंतर कळतं. तपकिरी रेषा दाटल्या की चढ समजायचा. मोबाईलची बॅटरी संपली तरी कागद संपत नाही.

पण बायांनी रात्री कुठं टेकावं, आडोसा कुठं आहे, हे त्या पानावर नाही. म्हाताऱ्या बायांना विचारून आम्ही ते पेन्सिलीनं लिहायला घेतलंय. वणीपर्यंत झालं. पुढचं ज्यांना ठाऊक असेल, त्यांनी बैठकीला यावं.